स्वतःविषयी लिहिताना



आपल्या देशात महाविद्यालयाचे दार बहुधा गुणपत्रिकेने किंवा प्रवेशपरीक्षेने उघडते. उमेदवाराला किती गुण मिळाले एवढेच तेथे पाहिले जाते. तो कोण आहे, हे कोणी विचारीत नाही. परंतु परदेशी विद्यापीठाचा किंवा एखाद्या मोठ्या शिष्यवृत्तीचा अर्ज हाती घेतला, की नेमका हाच प्रश्न समोर उभा राहतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात स्वतःविषयीच्या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. एवढ्याशा जागेत आपला परिचय कसा करून द्यावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम या निबंधाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांनी परीक्षेतील गुणांबरोबर उमेदवाराचे ‘चारित्र्य’ आणि पार्श्वभूमीही पाहण्यास सुरुवात केली. ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या रोखणे हा त्यामागील एक हेतू होता. याउलट, २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धती अवैध ठरविली. तथापि वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे उमेदवाराने निबंधात लिहिल्यास त्याचा विचार करण्यास न्यायालयाने मनाई केली नाही. जे साधन एकदा दार बंद करण्यासाठी वापरले गेले, तेच कोणाला दार उघडूनही देऊ शकते. म्हणून हा निबंध म्हणजे केवळ भाषेची कसरत असे समजू नये.

आता एक जुने उदाहरण पाहू. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्याच महिन्यात त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. मात्र आप्तस्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण एवढ्या दूर आलो, तोच निर्धार पुढे उपयोगी पडेल, असे त्यांनी सांगितले. आपला हेतूही त्यांनी नेमका मांडला: पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची वैद्यकीय सेवा करणे. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी पदवी संपादन केली.

या पत्राचे बळ कशात आहे? त्यात उणिवेची कबुली आहे, पण दीनवाणेपणा नाही. निर्धाराचा दावा आहे आणि त्याला कृतीचा आधारही आहे. समुद्र ओलांडून आलेल्या स्त्रीला ‘मी जिद्दी आहे’ असे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय हेतू असा आहे की तो दुसऱ्या कोणाच्या पत्रात जसाच्या तसा उतरविता येणार नाही.

आपल्या शाळांतील निबंधलेखनाने आपल्याला नेमकी उलटी सवय लावली आहे. आरंभी सुभाषित, मध्ये सर्वमान्य विचार आणि शेवटी देशसेवेचा संकल्प! ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. परंतु ‘गावच्या आरोग्यकेंद्रातून परतलेल्या शेजारणी औषधाची चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेत, ते वाचता वाचता मला रसायनशास्त्राची ओढ लागली,’ हे लिहिणारी मुलगी एकच असते. प्रसंग लहान असला तरी चालेल. त्यातून तुम्ही काय पाहिले आणि पुढे काय केले, हे आले पाहिजे. दारिद्र्य, मृत्यू किंवा आजारपण यांचे वर्णन करावे किंवा न करावे, हा तुमचा अधिकार आहे. दुःख हे काही अर्जाला जोडावयाचे प्रमाणपत्र नव्हे.

अर्ज कोठे करावयाचा आहे, हेही पाहावे. ब्रिटनमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून पदवी अभ्यासक्रमांसाठी सलग निवेदनाच्या जागी तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले. तेथे जीवनकथेपेक्षा विषयाची ओढ महत्त्वाची ठरते. अमेरिकेला पाठविलेला निबंध तेथे जसाच्या तसा चालणार नाही.

शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणाचा. आज निबंध लिहून देणारे सल्लागार आहेत आणि क्षणार्धात गुळगुळीत परिच्छेद जुळवून देणारी यंत्रेही आहेत. भारतातून १९४७ पासून दिल्या जाणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी तर, हे लेखन कोणाच्याही साहाय्याविना केले आहे, असे उमेदवाराला लिहून द्यावे लागते. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा विचार करा. मुलाखतीत समिती तुमच्याच वाक्यावर बोट ठेवून प्रश्न विचारील; उसन्या वाक्याचे उत्तर कोठून आणणार?

तेव्हा पहिला मसुदा ज्या भाषेत विचार करता, त्या भाषेत लिहा. मग तो इंग्रजीत आणा. मोठ्याने वाचा. जे वाक्य वर्गातील दुसऱ्या कोणाच्याही तोंडी शोभेल, ते काढून टाका. उरेल ते थोडे असेल, पण ते तुमचे असेल. प्रवेश देणे न देणे समितीच्या हाती आहे. स्वतःची खरी ओळख करून देणे मात्र सर्वस्वी तुमच्या हाती आहे.