कोंबडीच्या रोगाचा खर्च कोणाच्या माथी?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन आणि रिक्त जागा यांवरची चर्चा संपवून आम्ही कोंबड्यांचा विषय काढला, तेव्हा मागच्या रांगेतल्या काही साथींना हसू आले. त्यात त्यांची चूक नाही. पण हा विषय आपल्याच घरचा कसा आहे, ते आधी पाहू.

ग्रामीण डाक सेवकाला खाते पूर्णवेळ नोकर मानत नाही. दिवसाला जास्तीत जास्त पाच तासांचे काम, त्याबद्दल भत्ता, आणि वर त्यानेच लिहून द्यायचे की आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन आहे. हे दुसरे साधन कोणते? कोणाची दीड एकर कोरडवाहू जमीन, कोणाची दोन शेरडे आणि कोणाच्या परसातल्या दहा-पंधरा कोंबड्या. ट्रॅकवर काम करणाऱ्या आपल्या साथींच्या क्वार्टरमागेही खुराडे असतेच. त्या कोंबड्या बहुधा घरची बाई सांभाळते, आणि अंड्यांचे पैसे तिच्या हातात राहतात. वही, औषध, एसटीचे भाडे त्यातून निघते. तेव्हा खुराड्यावर संकट आले की आपल्या सभासदाच्या चुलीवरच येते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातली होती. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पक्षी मोठ्या शेडमध्ये नसून गोरगरिबांच्या दारात आहेत.

सुरत-भुसावळ मार्गावर काम केलेल्या साथींना नवापूर स्टेशन ठाऊक आहे. निम्मे स्टेशन महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला पहिला बर्ड फ्लू याच नवापुरात जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने रोग निश्चित केला. पलीकडच्या उच्छल तालुक्यातही तो निघाला. नवापूरचा व्यवसाय मोठ्या पोल्ट्री शेडचा. पण रोग आढळला की त्या भोवतीच्या ठरलेल्या परिघातले सगळेच पक्षी मारून पुरावे लागतात. शेडमधले पन्नास हजार आणि शेजारच्या आदिवासी पाड्यावरचे पाचही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत रोग सापडला. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये बीरभूमपासून सुरुवात होऊन तो तेरा जिल्ह्यांत पसरला. तिथे मारलेले लाखो पक्षी प्रामुख्याने परसातलेच होते. २०२१ मध्ये नवापुरात तो पुन्हा आला. २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेर गावी परसातल्या कोंबड्यांतही तो सापडला.

आम्ही असे म्हणत नाही की परसातल्या कोंबडीला रोग होत नाही किंवा ती तो पसरवत नाही. होतो, आणि पसरतोही. रोग आवरायचा तर पक्षी मारावे लागतात, हेही आम्ही मान्य करतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की या कामाचा खर्च कोणी सोसायचा?

आपल्याकडे मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. २०२१ च्या साथीत दर असे होते: अंड्यावरची मोठी कोंबडी ९० रुपये, मोठी ब्रॉयलर ७० रुपये, पिल्लू २० रुपये, अंडे ३ रुपये. आठवडी बाजारात ९० रुपयांत अंड्यावरची गावठी कोंबडी कोण देईल? शिवाय ही भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याची. पथक येण्याआधी जे पक्षी रोगाने मेले त्यांचे काहीच नाही. मोठ्या शेडवाल्याकडे नोंदी असतात, तो पंचनाम्याला उभा राहतो. परसातल्या बाईकडे कोणती नोंद? बंगालमध्ये लोकांनी कोंबड्या लपवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अडाणीपणाला बोल लावला गेला. आमच्या मते तो अडाणीपणा नव्हता, दराचा साधा हिशेब होता. भरपाई तोकडी असली की माणूस रोग दडवतो, आणि दडवलेला रोग सगळ्यांनाच महाग पडतो.

आता दुसरी बाजू पाहू. काही देशांत असा विचार पुढे आला की हा खर्च सरकारी तिजोरीने न उचलता जनावरे पाळणाऱ्यांवर पट्टी बसवून वसूल करावा. इंग्लंडमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकूत पसरला, साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि सरकारी खर्च सुमारे ३०० कोटी पौंडांवर गेला. त्यानंतर 'खर्चात वाटा घ्या' ही भाषा सुरू झाली. मार्च २००९ मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने स्वतंत्र पशुआरोग्य संस्था आणि पशुपालकांवर पट्टी असा प्रस्ताव मांडला, आणि जानेवारी २०१० मध्ये विधेयकाचा मसुदा काढला. पशुपालकांनी विचारले, २००७ चा लाळ्या-खुरकूत तर पिरब्राइट येथील संशोधन संस्थांच्या आवारातून, गळक्या सांडपाण्याच्या नळांमुळे बाहेर पडला होता. त्याचा भुर्दंड आम्ही का भरावा? मे २०१० मध्ये सरकार बदलले आणि ते विधेयक पुढे गेले नाही.

पण नोंदणी मात्र वाढत गेली. पूर्वी तिथे पन्नास किंवा अधिक पक्षी असणाऱ्यालाच नोंद सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही ती सक्तीची झाली. नोंदणी म्हणजे कर नव्हे, आणि कोंबड्या कुठे आहेत हे पशुवैद्यकांना कळणे चांगलेच. मात्र ज्याचे नाव वहीत आहे, त्याच्यावर पट्टी लावणे उद्या सोपे जाते, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

जर्मनीत तर अशी पट्टी जुनीच आहे. तिथल्या राज्यांत जनावरांच्या रोगांसाठी निधी आहे, पाळणारा वर्षाला वर्गणी भरतो. पण तिथे वर्गणीबरोबर हक्कही येतो. कायद्यानेच भरपाई पक्ष्याच्या बाजारभावाप्रमाणे ठरते, एका पक्ष्यामागे कमाल मर्यादा ५० युरो, आणि त्या खर्चात राज्य सरकारही वाटा उचलते. म्हणून 'पट्टी वाईट' एवढे म्हणून आपल्याला थांबता येणार नाही. ती कोणावर, किती, आणि बदल्यात काय, हे विचारले पाहिजे.

आपल्या देशात केंद्राने अशी पट्टी बसवलेली नाही. पण खर्च जनतेवर ढकलण्याची वाट एकदा कुठे पडली की ती आपल्या दारापर्यंत यायला वेळ लागत नाही, हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा आपला अनुभव आहे. म्हणून भूमिका आधीच ठरवलेली बरी. आणि ती ठरवायला कामगार चळवळीला लांब जावे लागत नाही. कामगार विमा योजनेकडे पाहा. जुलै २०१९ मध्ये मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के ठरला. अगदी कमी मजुरीच्या कामगाराला स्वतःचा हिस्सा माफ, तरी औषधोपचाराचा हक्क पुरा. हेच तत्त्व कोंबड्यांना लावा. हजारो पक्षी एका छपराखाली कोंडून नफा कमावणाऱ्या कंपनीने जास्त भरावे. परसातल्या बाईला पट्टी माफ असावी आणि भरपाईचा हक्क मात्र पुरा असावा. डोईप्रमाणे सरसकट पट्टी बसवली, तर पाच कोंबड्यांची पट्टी गोळा करायलाच पट्टीपेक्षा जास्त खर्च येईल.

म्हणून आमचे म्हणणे असे:

एक, पन्नासापेक्षा कमी पक्षी पाळणाऱ्यावर रोगाच्या नावाने कोणतीही पट्टी नको.
दोन, गावठी कोंबडीची भरपाई स्थानिक बाजारभावाने मिळावी, आणि पक्षी मारल्यापासून पंधरा दिवसांत घरच्या बाईच्या टपाल बचत खात्यात जमा व्हावी.
तीन, रोगाची वर्दी देणाऱ्याच्या आधी मेलेल्या पक्ष्यांचाही विचार व्हावा.
चार, मानमोडीची लस गावात वेळेवर आणि फुकट मिळावी. परसातल्या कोंबड्या दरवर्षी सर्वांत जास्त या रोगानेच जातात.

आणि एक काम आपल्या स्वतःचे. गावोगाव दररोज हिंडणारा टपालवाला आणि ट्रॅकवरून चालणारा कामगार यांच्याइतके कोणी पाहत नाही. एकदम कोंबड्या मरताना किंवा कावळे पडलेले दिसले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्या घरच्या बाईला समजावून सांगा, आणि पंचनाम्याच्या दिवशी तिच्या बाजूला उभे राहा. तिचे पाच पक्षी कागदावर पाचच लिहिले जातात की नाही, हे पाहणारा एक माणूस तिथे असला पाहिजे. तो माणूस युनियनचा असावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!