चाकाखालची भेग

श्रोतेहो, बैलगाड्यांना आता रबरी टायर आले. पण लोखंडी धाव चढवलेले लाकडी चाक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खडीवरून चालून चालून ती धाव पातळ होई. ही झीज. ती बिचारी प्रामाणिक. डोळ्यांना दिसते, बोटाला कळते. मला आज सांगायचे आहे ते तिच्या लबाड बहिणीविषयी, म्हणजे भेगेविषयी.

आगगाडीचे चाक रुळावर किती जागेत टेकते? जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या! भरलेल्या मालगाडीच्या एकेका चाकावर 10 टनांहून अधिक भार असतो, आणि तो सारा त्या नखाएवढ्या जागेवर येतो. दोन गोल वस्तू एकमेकींवर दाबल्या म्हणजे किती जागेत टेकतील आणि दाब किती पडेल, याचे गणित हाइनरिख हर्ट्झ या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने 1881-82 च्या सुमारास मांडले. रेडिओच्या लहरी पुढे प्रयोगाने दाखवून दिल्या त्या यानेच, बरे का!

आता चाक नुसते फिरत नाही. वळणावर, ब्रेक लावताना, वेग घेताना ते किंचित घसरतेही. त्यामुळे रुळाच्या वरच्या थराचे पोलाद लाटण्याखालच्या कणकेसारखे केसभर पुढे ओढले जाते. दर चाकागणिक केसभर. लक्षावधी चाके गेली, की त्या थरात ताणले जाण्याची ताकद उरत नाही आणि बारीक भेग पडते. ती सरळ खाली उतरत नाही, तिरकी, पृष्ठभागालगत सरकते. पुढे ती वर वळली तर खवला निघतो; खाली वळली तर रूळच मोडतो.

यात पाण्या-तेलाचा हात मोठा नवलाचा. अमेरिकेत स्ट्युअर्ट वे याने 1935 साली पोलादी रूळे एकमेकांवर फिरवून पाहिले. कोरड्या रुळ्यांवर खड्डे पडले नाहीत; तेल दिलेल्यांवर पडले! तेल भेगेत शिरते, वरून येणारे चाक तिचे तोंड बंद करते, आणि कोंडलेले तेल पाचरीसारखे भेग फाकवते. रुळावर हे काम पावसाचे पाणी करते. म्हणून गाडीच्या आखाचे वंगण बंद करू नका हं! तिथे सारा प्रकार घासण्याचा आहे. वंगण नसेल तर झीजच आधी खाऊन टाकील.

आणि गंमत अशी, की झीज ही भेगेची वैरीण आहे. वरचा थर झिजला की कोवळी भेगही त्याबरोबर जाते. रूळ कठीण केला, झीज थांबली, तर भेगेला वाढायला निवांत वेळ मिळतो. म्हणूनच रूळ घासणारी यंत्रे मुद्दाम वरचा पातळ थर काढून टाकतात. आपण जात्याला टाकी लावतो, तसलेच हे काम. हेतू तेवढा निराळा.

हयगय झाली तर काय होते? 17 ऑक्टोबर 2000 रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफील्डजवळच्या वळणावर ताशी सुमारे 185 किलोमीटर वेगाने आली आणि खालचा रूळ फुटला. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. 4 माणसे दगावली, सत्तराहून अधिक जखमी झाली. भेगा आहेत हे आधीच ठाऊक होते. बदलायचा नवा रूळसुद्धा आणून कडेला ठेवलेला होता. बसवायचा तेवढा राहिला होता. याला अज्ञान कसे म्हणावे? पुढे ब्रिटनभर हजारांहून अधिक ठिकाणी गाड्यांचे वेग उतरवावे लागले.

भेग वरून एखाद्या रेघेएवढी दिसते, आत किती गेली ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी रुळात ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी ऐकतात. पण तिथेही वरच्या भेगेच्या आडोशाला खालची लपू शकते. शिक्षकमित्रांनी वर्गात लोखंडी तारेचा तुकडा मुलांच्या हाती द्यावा. एका हिसक्याने न तुटणारी तार त्याच जागी मागेपुढे वाकवीत राहिल्यास किती खेपांनी तुटते, ते मुलांनीच मोजावे. मुलांना घेऊन रुळांवर मात्र जाऊ नये. तिथे रोज पायी जाणारा, हातोडी घेतलेला कीमन आहे. ते काम त्याचे.