बधिर हात आणि मिसळलेली औषधे



डॉक्टरी विषयावर युनियनच्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. पण मिरकरवाड्याचा खलाशी काय किंवा लोट्याचा कामगार काय, त्याची सारी इस्टेट म्हणजे दोन हात. त्या हातावर शस्त्रक्रिया होताना सुईतून काय जाते, हे समजून घेणे आमचेच काम आहे.

हल्ली पुष्कळदा संपूर्ण भूल न देता मानेजवळ किंवा काखेत मज्जातंतूंभोवती औषध सोडून हात तेवढा बधिर करतात. पद्धत चांगली आहे. तिला भिऊ नये. मात्र औषधाचा अंमल काही तासांत ओसरतो आणि वेदना उसळते. म्हणून त्यात दुसरे औषध मिसळतात. हाइनरिख ब्राउन या जर्मन शस्त्रवैद्याने १९०३ साली कोकेनमध्ये अ‍ॅड्रेनलीन मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकते. पण मज्जातंतूचे रक्तही त्याने घटते. म्हणून मधुमेही रोग्याला जपावे लागते.

आता डेक्सामेथासोन, क्लोनिडीन, डेक्समेडेटोमिडीन ही औषधे आली आहेत. शेवटच्या दोहोंनी गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. डेक्सामेथासोनने बधिरपणा कित्येक तास लांबतो. पण मज्जातंतूजवळ टोचण्यासाठी ते औषध मुळात मंजूर झालेले नाही. शिरेतून दिले तरी पुष्कळसा लाभ पदरात पडतो. रोपिवाकेनमध्ये मिसळले तर त्याचे स्फटिक बनू शकतात. आजवरच्या प्रयोगांत मोठी इजा आढळलेली नाही, हे खरे. परंतु दहा हजारांत एखाद्यालाच होणारी इजा शंभर माणसांच्या प्रयोगात कशी दिसणार?

१९४७ साली इंग्लंडात चेस्टरफील्ड येथे वुली आणि रो या दोन मजुरांना पाठीच्या कण्यात बधिर करण्याचे इंजेक्शन दिले आणि दोघांचे पाय कायमचे गेले. न दिसणाऱ्या तड्यांतून कुपीत फिनॉल शिरले, असे न्यायालयाने मानले. तरी १९५४ साली दावा फेटाळला गेला. कारण हा धोका त्या वेळी कोणाला ठाऊकच नव्हता! आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सरकारी तपासणीतील ढिलाई चव्हाट्यावर आणली. नंतरचा न्याय गेलेले पाय परत देत नाही. म्हणून विचारायचे ते आधी विचारावे.

आमच्या मागण्या तीन. मिसळायच्या औषधाचे नाव आणि कारण रोग्याला सहीपूर्वी त्याच्या भाषेत सांगावे. नाव आणि मात्रा केसपेपरवर लिहावी. हात किती वेळ बधिर राहील आणि त्यानंतरही शुद्धीवर न आल्यास कोणाकडे यावे, हे सांगूनच घरी पाठवावे. बधिर हाताला चुलीचा चटका कळत नाही.

यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. आपण यंत्रावर जाण्यापूर्वी त्यात काय आहे ते विचारतो. मग आपल्या देहाविषयी विचारण्यात संकोच कसला?