खरेदी शाखा, संगणक आणि सही

(इंदरगंज येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



गणपतीपुढे कीर्तन व्हावे, गाणे व्हावे. इथे खरेदी शाखेवर भाषण कशाला, असे आज सकाळीच एका काकांनी आम्हांला विचारले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण समोर बसलेल्यांत महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेली बरीच मंडळी दिसत आहेत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या खरेदीवर आक्षेप काढले. निदान त्यांना तरी झोप येणार नाही, या भरवशावर आम्ही उभे आहोत.

आम्ही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, राज्य शासनाचे नोकर. संगणकशास्त्रातले पंडित नव्हे. पण वीस वर्षांत मागणीपत्र, निविदा, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवही आणि देयक या सहा कागदांच्या मागे आमचे केस पांढरे झाले, तेवढ्या अधिकारावर बोलतो.

हल्ली ऑटोमेशन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे दोन शब्द एका दमात घेतले जातात. ते दोन वेगळे गडी आहेत. शेजारच्या दाल बाजारातली जुनी पेढी आठवा. एक मुनीम रोजकीर्द-खतावणी लिहायचा. आवक, जावक, बाकी. पैचा फरक आला तर रात्री घरी जायचा नाही. नियमाबाहेर तो एक पाऊल टाकायचा नाही आणि चुकायचाही नाही. हे ऑटोमेशन. दुसरा जाणता माणूस मूठभर चणा तळहातावर घेऊन, आभाळाकडे बघून सांगायचा, की यंदा माल आत्ताच भरा. ही बुद्धिमत्ता. तो पुष्कळदा बरोबर ठरायचा, कधी चुकायचा. आणि चुकतानाही आवाज तितकाच ठाम असायचा. यंत्रातल्या बुद्धिमत्तेचाही स्वभाव हाच आहे. म्हणून दोघांना एका पेढीवर बसवायचे तर कोणाकडे काय काम, हे आधी ठरले पाहिजे.

मालनपूर-बानमोरच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या तरुणांना पहिला गडी ओळखीचा आहे. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की संगणक आपोआप मागणी काढतो. माल आला की ऑर्डर, आवक नोंद आणि बिल असे तीन कागद तो ताडून पाहतो. जुळले तर पैसे सोडतो, नाही जुळले तर अडवतो. सरकारी खरेदीतही हे आले. 9 ऑगस्ट 2016 रोजी केंद्राचे जेम पोर्टल सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी दर-करार करणारे जुने पुरवठा महासंचालनालय बंदच झाले. 2023-24 या एका वर्षात जेमवरून चार लाख कोटी रुपयांहून अधिक खरेदी झाली. आमच्या राज्यात 2015 चे भंडार क्रय नियम आहेत, त्यांतही ही ऑनलाइन वाट आता रुळली आहे. पूर्वी तीन कोटेशने गोळा करायला बाबू सायकलवरून फिरायचा, आणि तिन्ही कोटेशनांवरचे अक्षर कधी कधी एकाच हातचे असायचे! ते दिवस गेले, याचे आम्हांला दुःख नाही.

तरीही एक हकीकत सांगतो. कार्यालयाचे नाव सांगणार नाही, कारण चूक आमचीच होती.

एका बोअरवेलच्या पंपासाठी केबल हवी होती. आम्ही मागल्या वर्षीचे मागणीपत्र काढले, तारीख बदलली आणि पुढे पाठवले. 2.5 चौरस मिलिमीटरची तीन कोर केबल. सर्वांत कमी दर आला, आदेश निघाला, माल आला. आदेशात 2.5, साठा नोंदवहीत 2.5, देयकात 2.5. तिन्ही कागद असे जुळले, की लेखापालाने नस्तीकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नाही. पंपाजवळचा म्हातारा चालक मात्र केबलचे टोक हातात धरून म्हणाला, “साहब, ये तार नहीं चलेगा.” मधल्या काळात बोअर खोल केली होती आणि 5 अश्वशक्तीची मोटर काढून 10 ची बसवली होती. आम्ही त्याचे ऐकले नाही. कागद जुळत होते ना! केबल तापू लागली, मोटरला पुरेसा दाब मिळेना, आणि ऐन मे महिन्यात मोटर जळाली. त्या वस्तीने आठ दिवस टँकरच्या पाण्यावर काढले. रांगेत उभ्या बायकांसमोरून रोज कार्यालयात जाताना आम्ही मान वर करत नव्हतो.

आता विचार करा. त्या दिवशी जगातले उत्तम ऑटोमेशन आमच्या टेबलावर असते, तरी त्याने ही खरेदी मंजूरच केली असती, आणि आमच्यापेक्षा लवकर. नियम कुठे मोडला होता? चूक तीन कागदांत नव्हतीच. ती चौथ्या कागदात होती, म्हणजे मोटर बदलल्याची नोंद असलेल्या दुरुस्ती वहीत. ती वही दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या माणसाच्या अक्षरात पडून होती. दुसऱ्या गड्याचे काम इथे आहे. हस्ताक्षरातली वही, मोबाइलवर काढलेला फोटो, पुरवठादाराचे लांबलचक पत्र हे सारे वाचून ‘मोटर मोठी झाली, केबल जुनीच का?’ असा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्ता विचारू शकते. प्रश्न तिने विचारावा, उत्तर माणसाने द्यावे, आणि उत्तर मिळेपर्यंत ऑटोमेशनने आदेश अडवून धरावा. या दोघांची सांगड म्हणतात ती आमच्या मते एवढीच. पण दुरुस्ती वही यंत्रापुढे ठेवलीच नाही, तर ते काय वाचणार?

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ही बुद्धिमत्ता शिकते ती आपल्या जुन्या नोंदींवरून. आणि आपल्या जुन्या नोंदी कशा आहेत, हे इथे बसलेल्या लेखापरीक्षकांना आम्ही सांगायला नको! कोणत्याही कार्यालयाच्या दहा वर्षांच्या खरेदीत मार्च महिना पाहा. टोनर, कागद, खुर्च्या, पंखे, सारे मार्चमध्ये. यंत्राला वाटेल की या लोकांना मार्चमध्ये फार लिहावे लागते आणि मार्चमध्येच फार उकडते. तो बिचारा प्रामाणिकपणे पुढच्या मार्चसाठी टोनरची मोठी मागणी सुचवील. त्याला कोण सांगणार, की ती गरज नव्हती, 31 मार्चला निधी परत जाईल ही भीती होती? तसेच मर्यादेच्या आत राहण्यासाठी एका खरेदीचे चार तुकडे करण्याची खोड. यंत्राने ती शिकली, तर ती खोड न राहता ‘शिफारस’ होईल. मग अधिकारी म्हणतील, संगणकाने सांगितले. वहीत काय घेतले ते लिहिलेले असते. काय हवे होते, ते सहसा नसते.

हवे किती, याचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र पुष्कळांनी वाचले असेल. साठ्याचे दाणे-वैरण बेतानेच खर्च करा, पावसाळाभर पुरले पाहिजे. संपले तर घोडी मरतील, आणि लोक कुणब्याच्या घरात शिरतील. लागेल ते बाजारातून विकत आणा. गवताच्या गंजीजवळ दिवा-विस्तव ठेवू नका, असेही त्यात बजावले आहे, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतो. मागणीचा अंदाज, साठ्याची राखण, आणि ज्याच्याकडून घ्यायचे त्याला दाम देणे, तिन्ही एका पत्रात. आम्ही खरेदीच्या प्रशिक्षणाला जातो तेव्हा सारे सांगतात, पण उंदराचे कोणी सांगत नाही.

बाहेर जगात हे कुठवर गेले आहे? वॉलमार्टने 2021 मध्ये कॅनडात 89 पुरवठादारांशी घासाघीस करायला चक्क संभाषण करणारे यंत्र बसवले, आणि 64 टक्क्यांशी करार जमलेसुद्धा. लहान पुरवठादार, ज्यांच्याशी बोलायला खरेदी अधिकाऱ्यांना वेळच नसे, त्यांच्यापुरते हे काम होते. आम्हांला ते शहाणपणाचे वाटते. अल्बानियाने तर सप्टेंबर 2025 मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘डिएला’ नावाची यंत्र-मंत्रीच जाहीर केली, भ्रष्टाचार होऊ नये म्हणून. इथे आमची मान हलत नाही. निविदा नाकारली गेलेला ठेकेदार दाद मागायला कोणाच्या दारात उभा राहील? शिवाय यंत्र आले म्हणजे हात स्वच्छ झाले असेही नाही. आपल्याच राज्यात 2018 साली ई-निविदांच्या पोर्टलवर दरांत फेरफार झाल्याचे प्रकरण उठले, आणि 2019 मध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या तपशिलात आम्ही नोकरमाणसाने जाऊ नये.

आमची मागणी साधी आहे. यंत्राने काय सुचवले, कोणत्या कागदांवरून सुचवले, आणि अधिकाऱ्याने ते मानले की नाही, मानले तर का, या चार ओळी प्रत्येक नस्तीवर असाव्यात. खाली नाव आणि पदनामासह सही. आज टिपणीवर आम्ही ‘प्रस्ताव सादर’ लिहून मोकळे होतो. उद्या ‘प्रणालीनुसार’ लिहून मोकळे होऊ. हा शब्द आम्ही आत्ताच काही नस्त्यांवर पाहू लागलो आहोत.

जाता जाता घरचे. यंदा मंडपाची तीन कोटेशने आली. दोन हाताने लिहिलेली, एक व्हॉट्सअ‍ॅपवर. आम्ही मोठ्या हौसेने तिघांचे फोटो मोबाइलमधल्या त्या बुद्धिमत्तेला दिले. अर्ध्या मिनिटात सुंदर तक्ता आला. पहिला सर्वांत स्वस्त. आमच्या खजिनदार काकांनी चष्मा पुसून मूळ कागद पाहिला आणि म्हणाले, “अहो, याने जीएसटी वेगळा लावलाय, बाकी दोघांनी धरून दिलाय.” कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते. कर धरल्यावर स्वस्त ठरला तो दुसरा, आणि आज आपण त्याच्याच मंडपात बसलो आहोत. तक्ता मात्र आम्ही यंत्राचाच ठेवला. काकांनी त्यावर लाल शाईने दुरुस्ती करून सही केली आहे. ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी आरतीनंतर त्यांच्याकडे मागावा.