जोडगोळीचा हिशेब

जखम झाली की रक्त वाहते आणि थोड्या वेळाने आपोआप थांबते. या थांबण्याचा आरंभ रक्तातील अतिसूक्ष्म कण करतात. शास्त्रीय मराठीत त्यांना बिंबाणू म्हणतात. डेंग्यूच्या साथींमुळे प्लेटलेट हे त्यांचे दुसरे नाव घरोघरी पोचले आहे. रक्तवाहिनी फाटताच हे कण तेथे धावतात, परस्परांना चिकटतात आणि भोक बुजवतात. परंतु रक्षण करणारा हाच गुण कधी कधी जिवावर उठतो. हृदयाच्या रोहिणीत साचलेला चरबीचा थर तडकला, तर तीही जखमच समजून बिंबाणू तेथे गोळा होतात. रक्ताची वाट बंद होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

या कणांना आवर घालता येतो, ही गोष्ट प्रथम रक्तस्रावातूनच ध्यानात आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल या गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना घशाची वेदना शमावी म्हणून ॲस्पिरिनयुक्त डिंक चघळावयास देत. ज्यांनी तो अतोनात चघळला, त्यांना अधिक रक्तस्राव झाला. जे औषध रक्त थांबू देत नाही, ते नको तेथे रक्त गोठूही देणार नाही, असा तर्क क्रेव्हन यांनी केला आणि १९५० पासून तो लेखांतून मांडला. औषधाचा गुण आणि त्याचा दोष एकाच निरीक्षणात हाती आला होता. ते दोन्ही आजतागायत वेगळे करता आलेले नाहीत.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी या गोळीने रक्त पातळ होत नाही. बिंबाणूंची परस्परांना चिकटण्याची शक्ती तेवढी क्षीण होते. एक बिंबाणू दुसऱ्याला रासायनिक हाक देऊन बोलावतो. ॲस्पिरिन यांपैकी एक हाक बंद करते, क्लोपिडोग्रेल दुसरी. दोन्ही औषधे एकत्र दिली, म्हणजे रक्षण वाढते. पण जठरात, आतड्यात वा मेंदूत खरीच जखम झाली, तर ती बुजवणारेही कोणी वेळेवर येत नाही.

हा लाभ आणि ही हानी मोजली गेली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्युअर’ या चाचणीत हृदयरोगाचे साडेबारा हजारांहून अधिक रुग्ण होते. केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांत दर हजारी ११४ जणांना मृत्यू, हृदयविकाराचा झटका अथवा पक्षाघात यांपैकी काही ना काही भोगावे लागले; दोन्ही औषधे घेणाऱ्यांत ९३ जणांना. उलट, मोठा रक्तस्राव हजारी २७ वरून ३७ वर गेला. व्यवहार लाभाचा होता, परंतु फुकटचा नव्हता.

पक्षाघाताच्या रुग्णांत तर अवधीचे महत्त्व विशेष दिसून आले. २००४ च्या ‘मॅच’ चाचणीत ही जोडगोळी दीड वर्ष दिली गेली. नव्या झटक्यांत म्हणण्यासारखी घट झाली नाही. जिवावर बेतणारा रक्तस्राव मात्र हजारी १३ वरून २६ झाला. पुढे २०१३ साली चीनमधील ‘चान्स’ चाचणीत, सौम्य झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उपचार सुरू करून, ही दोन औषधे एकत्र केवळ २१ दिवस दिली गेली. नव्वद दिवसांतील पक्षाघात हजारी ११७ वरून ८२ वर आले आणि रक्तस्रावात लक्षणीय वाढ झाली नाही. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण अगदी सारखे नव्हते, हे खरे. तरीही औषधे तीच असता, ती केव्हा सुरू झाली आणि किती दिवस चालली यावर त्यांचे बरेवाईट ठरते, हा बोध स्पष्ट आहे.

व्यवहारात नेमका हाच हिशेब हरवतो. समजा, एका वृद्ध गृहस्थांच्या रोहिणीत स्टेंट बसवला आहे. जोडगोळी काही महिन्यांसाठी लिहून दिलेली असते. पण जुनीच चिठ्ठी दाखवून ती वर्षानुवर्षे घेतली जाते. आपल्याकडे दोन्ही औषधे एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. त्यामुळे आपण दोन औषधे घेतो, हेच त्यांना ठाऊक नसते. त्यातच गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन येते. ॲस्पिरिनने आधीच दुबळे झालेले जठराचे अस्तर आणखी सोलवटते. मग एके दिवशी शौचास डांबरासारखे काळे होते आणि घरची माणसे त्याचा दोष जेवणाला देतात. वस्तुतः ती रक्तस्रावाची खूण असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अगत्याचे असते.

तथापि, भयाने गोळ्या आपल्याच मनाने बंद करणे हाही उपाय नव्हे. नव्या स्टेंटमध्ये अकस्मात गुठळी झाल्यास प्राणावरच बेतते. दात काढावयाचा असला, तरी हृदयरोगाच्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. शिवाय ॲस्पिरिनचा परिणाम झालेला बिंबाणू आपल्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा सुधारत नाही. म्हणून आज बंद केलेल्या गोळीचा परिणाम उद्या ओसरत नाही.

ज्यांचे वय अधिक आहे, ज्यांना पूर्वी जठरव्रण झाला आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांनी विशेष सावध असावे. जठराच्या रक्षणासाठी वेगळी गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रत्येक औषधाचे नाव एका कागदावर लिहून तो कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा. आणि जोडगोळी हाती पडेल त्याच दिवशी एक प्रश्न अवश्य विचारावा: यांतील कोणती गोळी, कोणत्या तारखेपर्यंत? मिळालेली तारीख त्याच कागदावर लिहून ठेवावी.