एका विहिरीवर दोन मोटारी



एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून पाणी दुप्पट होत नाही, हे रिसोड-मालेगावकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. झरे तेच असतात. संगणकात व्हर्च्युअल मशीन उभारून तिच्यात गेम खेळू पाहणाऱ्या आपल्या मुलांनी मात्र हे ध्यानात ठेवले पाहिजे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 सालीच मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/370 आणले होते. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम या नावाने ही सोय 2007 मध्ये आली, तीही विनामूल्य. वाशीम, कारंजा, मंगरुळपीरच्या घरांत संगणक असला तर बहुधा एकच. मुलगी त्यावर लिनक्समध्ये प्रोग्रामिंग शिकते, भावाला विंडोजवरचा गेम हवा असतो. विंडोज लिनक्सच्या आतच चालवले, आणि जास्तीचे ग्राफिक्स कार्ड असल्यास ते थेट त्याच्या ताब्यात दिले, तर एका यंत्रात दोघांचे भागते.

मग तक्रार येते, की गेम चालतो पण गचके खातो. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात लिनक्सने व्हर्च्युअल मशीनचे काम प्रोसेसरच्या एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर टाकले, की पहिल्या कोअरजवळच्या कॅश नावाच्या छोट्या साठ्यात जमलेली माहिती मागे राहते आणि ती पुन्हा भरावी लागते. कधी तर कोअर दुसऱ्याच कामाला लागतो. आतल्या विंडोजला आपण थांबलो होतो हे कळतही नाही. पडद्यावर मात्र हिसका दिसतो.

यावर उपाय म्हणजे पाळी ठरवून देणे. कोणता आभासी कोअर कोणत्या खऱ्या कोअरवर चालेल, हे बांधून टाकायचे. याला पिनिंग म्हणतात. आणि इथेच ती विहीर येते. आठ कोअरचा प्रोसेसर सोळा थ्रेड दाखवतो, तेव्हा विहिरी आठच असतात, मोटारी सोळा. एक थ्रेड मेमरीची वाट पाहत थांबला की दुसरा तेवढ्यात आपले काम उरकतो. म्हणून थोडा फायदा होतो, दुप्पट नाही. त्यामुळे एकाच कोअरच्या दोन थ्रेडची जोडी फोडू नये. एक थ्रेड गेमला आणि त्याचा जोडीदार लिनक्सला दिला, तर दोघे एकाच झऱ्यावर भांडत राहतात. जोडी कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. काही प्रोसेसरवर 0 आणि 1 ही जोडी असते, काहींवर 0 आणि 8. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा ई या पर्यायासह दिली की तक्ता समोर येतो.

दुसरी चूक याहून सर्रास होते. सगळेच कोअर गेमला दिले जातात. पण आवाज, डिस्क, नेटवर्क ही कामे बाहेरच्या लिनक्सलाच करावी लागतात. त्याला उपाशी ठेवले की गेमही अडतो. आठपैकी सहा कोअर द्या, दोन मागे ठेवा, आणि दिलेले सहा कोअर बारा थ्रेडचे आहेत हे विंडोजलाही सेटिंगमधून सांगा.

एएमडीच्या 2017 च्या पहिल्या रायझनमध्ये चार-चार कोअरचे गट होते आणि प्रत्येक गटाचा कॅश वेगळा. अशा यंत्रावर चार कोअर पुरत असतील, तर ते एकाच गटातले द्यावेत.

काही ऑनलाइन गेमची फसवणूक-रोधक यंत्रणा व्हर्च्युअल मशीन दिसताच खेळू देत नाही. तिथे पिनिंगचा काही उपयोग नाही. आपला गेम चालतो का, हे ग्राफिक्स कार्डावर पैसे घालण्याआधी पाहून घ्या.

आज घरी गेल्यावर तो तक्ता काढा, जोड्या वहीत उतरवा आणि मगच सेटिंगला हात लावा.