शिडी धरणारा हात

(पनवेल येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पनवेलकरांना पावसाविषयी नव्याने काही सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा इकडेही सखल वस्त्यांतील घरांत पाणी शिरले होते. अशा प्रदेशात घराची डागडुजी ही हौस नव्हे, संसाराचा तो भागच आहे.

आपल्या जुन्या कौलारू घरांची वैशाखात शाकारणी होई. एक जण छपरावर चढे, दुसरा खालून कौले देई, मुले फुटकी कौले वेचत. त्याला कुणी ‘मदत’ म्हणत नसे. पुढे सिमेंटचे स्लॅब आले. छपराची चिंता सोसायटीकडे गेली आणि गळका नळ, सैल बिजागरी, खिडकीची फट ही कामे घरातल्या कुणा एकाच्या माथी आली.

माझाच अनुभव सांगतो. मी कलाशाखेचा पदवीधर, आयुष्य लेखणी चालवण्यात गेले. “अहो, खिडकीचं जरा बघा ना,” असे पत्नी दोन महिने म्हणत होती आणि मी “बघतो” म्हणत होतो. अखेर पहिल्या सरीच्या दिवशी ती एकटीच स्टुलावर चढली, पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. घरात पक्कड कुठे ठेवतात, हे मला त्या दिवसांत प्रथम कळले!

तेव्हापासून आमच्या घरी काही नेम आहेत. काम नेमके सांगायचे : “रविवारी दहा वाजता, अर्धा तास, शिडी धरायला या.” सामान आदल्या दिवशी आणायचे. विजेच्या कामाआधी मुख्य खटका बंद करायचा आणि जे दोघांनाही येत नाही त्यासाठी जाणकार कारागीर बोलवायचा. जोडीदाराने ठोकलेला खिळा वाकडा गेला, तर हसायचे नाही. पुढच्या वेळी तो हातोडीला हात लावणार नाही. आमच्याकडे ड्रिल पत्नी चालवते, शिडी मी धरतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यत्वाचे असते. ते सख्य रोजच्या लहान कामांतच दिसायला हवे. येत्या रविवारी एका गळक्या नळापासून आरंभ करावा, एवढीच विनंती.